ॲडम्स नदीकाठचा ऑक्टोबर

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ॲडम्स आणि शुस्वाप या नावांची दोन मोठी सरोवरे आहेत. या दोहोंना जोडणारा ॲडम्स नदीचा खालचा प्रवाह जेमतेम अकरा किलोमीटरांचा आहे. एरवी नकाशावर तो शोधावाच लागतो. पण सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दूरदूरची माणसे या काठाची वाट विचारीत येतात. त्या दिवसांत नदी लाल झालेली असते. पाणी नव्हे, पाणी काचेसारखे नितळच असते. लाल असतात ते पाण्यातले मासे, आणि काही ठिकाणी ते इतके दाटलेले असतात की तळाचे गोटे दिसेनासे होतात.

हा मासा म्हणजे सॉकाय सॅल्मन. किनाऱ्यावरील मूलनिवासी लोकांच्या भाषेतील ‘लाल मासा’ अशा अर्थाचा एक शब्द इंग्रजांच्या तोंडी पडून ‘सॉकाय’ झाला. मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात खरे. परंतु रावसाचे आणि याचे कुळ वेगळे आहे. सॉकाय गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्माच्या प्रवाहात परततो. पॅसिफिक महासागरातून फ्रेझर नदीत, तिथून थॉम्प्सन नदीत आणि पुढे शुस्वाप सरोवरातून ॲडम्समध्ये, असा जवळपास पाचशे किलोमीटरांचा चढणीचा प्रवास तो अडीच-तीन आठवड्यांत करतो. येणारे बहुतेक मासे चार वर्षांचे असतात, म्हणून दर चौथ्या वर्षी येथे सर्वांत मोठी गर्दी होते. २०१०, २०१४, २०१८, २०२२ ही अशी वर्षे. याच क्रमात २०२६ येते. मधल्या वर्षांतही मासे येतात, पण संख्येने पुष्कळ कमी.

व्हँकुव्हरहून कॅमलूप्समार्गे पूर्वेकडे गेले, की मोटारीने पाचेक तासांत आपण या काठी पोहोचतो. नदीच्या दोन्ही तीरांवर संरक्षित उद्यान आहे. रॉडरिक हेग-ब्राउन या निसर्गप्रेमी लेखकाचे नाव त्याला पूर्वी दिलेले होते. २०१८ मध्ये येथील मूळ रहिवासी असलेल्या सेक्वेपेम्क लोकांच्या भाषेतील ‘चूच्वेक’ हे नाव त्याला मिळाले. त्याचा अर्थ ‘अनेक नद्या’. त्याच वर्षी ऑक्टोबरात आम्ही तेथे तीन दिवस होतो. माशांची छायाचित्रे काढणे हा हेतू होता. ती काढायची तर आधी या माशाच्या शरीरात त्या वेळी काय चाललेले असते हे समजून घ्यावे लागते, आणि ते समजल्यावर कॅमेरा हाती धरण्याची पद्धतच बदलते.

समुद्र सोडून नदीत शिरला, की सॉकाय खाणे थांबवतो. त्याचे जठर आक्रसत जाते. पुढील सारा प्रवास, जोडीदारासाठीची झुंज, घरटे खणण्याचे श्रम आणि अंड्यांची अखेरची वाढ, हे सर्व समुद्रात साठवलेल्या चरबीवर आणि ती सरत आली की अंगच्या स्नायूंवर चालते. घरात मिळवते कोणीच उरलेले नाही आणि शिलकीवर एक मोठे कार्य पार पाडायचे आहे, अशी त्याची अवस्था असते. तो लाल होतो तेही या शिलकीतूनच. समुद्रातील सूक्ष्म कवचधारी जीव खाऊन ॲस्टाझँथिन नावाचे लालसर रंगद्रव्य त्याच्या मांसात साठलेले असते. गाजरातल्या रंगद्रव्याचे ते नातलग. विणीचा काळ जवळ आला की हे द्रव्य मांसातून निघून कातडीत आणि अंड्यांत जाते. मांस फिके पडते, अंग लालबुंद होते, डोके हिरवे राहते. नराच्या पाठीवर कुबड येते आणि जबडा चोचीसारखा वाकतो. आपण ज्याला शोभा म्हणतो, ती आत साठवलेले बाहेर काढून खर्च करण्याची खूण असते.

या काळात त्याच्या रक्तात कॉर्टिसोल या संप्रेरकाचे प्रमाण फार वाढते. माणसाच्या शरीरातही ताणाच्या प्रसंगी हेच संप्रेरक स्रवते. थोड्या वेळासाठी ते उपयोगी असते, कारण ते साठवलेली शक्ती मोकळी करून देते. सॅल्मनच्या शरीरात मात्र ते उतरतच नाही. रोगप्रतिकारशक्ती ढासळते, अंगावर बुरशीचे पांढरे चट्टे उमटतात, पर झिजतात. अंडी घालून झाल्यावर एक-दोन आठवड्यांत, कधी त्याआधीच, मासा मरतो. पॅसिफिकमधील सॉकायला दुसरा हंगाम नसतो.

एवढ्या मोठ्या समुद्रातून तो नेमक्या आपल्या ओढ्याला येतो कसा? समुद्रात दिशा ठरवताना पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार त्याला होतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. शेवटची वाट मात्र तो नाकाने ओळखतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅसलर आपल्या बालपणीच्या डोंगरात फिरत असताना शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला आणि विसरलेल्या कितीतरी गोष्टी त्यांना एकाएकी आठवल्या. माशांचेही असेच होत असेल काय, हा प्रश्न त्यातूनच त्यांना सुचला. पुढे हॅसलर आणि त्यांचे सहकारी विस्बी यांनी वॉशिंग्टन राज्यातील इसाक्वा ओढ्यावर सॅल्मनच्या एका जातीवर प्रयोग केला. ज्या माशांच्या नाकपुड्या बंद केल्या होत्या त्यांना फाट्यावर आपला ओढा ओळखता येईना. बाकीच्यांना बहुतांशी आला. पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाने ज्याला आपले गाव आठवते, त्याला हे कळायला विज्ञानाची फारशी गरज नाही.

आता काठावर येऊ. पहिल्या तासात डोळ्यांना नुसता गोंधळ दिसतो: लाल पाठी, उडणारे पाणी, मध्येच एखाद्या शेपटीचा फटका. अशा वेळी पुष्कळजण भराभर शंभर चित्रे काढतात आणि ती सारी एकसारखीच येतात. खरे काम त्यानंतर सुरू होते. एक मादी निवडावी आणि तिच्यावरच लक्ष ठेवावे.

मादी प्रवाहाच्या तोंडाकडे डोके करून उभी असते. दर काही मिनिटांनी ती कुशीवर वळते आणि शेपटीचे पाच-सहा जोरदार फटके तळाच्या बारीक गोट्यांवर मारते. शेपटीच्या ओढीने गोटे उचलले जातात, प्रवाह त्यांना थोडे खाली नेऊन टाकतो आणि तळाला खळगा पडतो. हेच तिचे घरटे. खणून झाले, की ती खळग्यावर येऊन पोटाखालचा मागचा पर आत घालून खोली चाचपते, जशी एखादी आजी अंथरूण घातल्यावर हात फिरवून पाहते. शेजारी एक नर असतो. तो मधूनमधून तिच्या अंगाला अंग लावून थरथरतो आणि दुसरा नर जवळ आला की त्याच्यावर धावून जातो. मागे एखादा लहानखुरा नर संधी साधण्यासाठी टपलेला असतो.

मादीचे चाचपणे वाढू लागले, खणणे कमी झाले, की छायाचित्रकाराने श्वास रोखून तयार राहावे. ती खळग्यात खोल बसते, नर शेजारी येतो, दोघेही तोंडाचा मोठा आ करतात आणि अंडी व शुक्रद्रव एकाच वेळी पाण्यात सुटतात. हे सारे जेमतेम दहा-बारा सेकंदांत आटोपते. लगेच मादी थोडी वर सरकून पुन्हा खणू लागते. त्या खणण्याने सुटलेले गोटे खालच्या अंड्यांवर पडतात आणि त्यांचे पांघरूण होते; वरचा नवा खळगा पुढच्या अंड्यांसाठी असतो. असे तीन-चार खळगे करीत ती सुमारे तीन-चार हजार अंडी घालते. मग अंगात त्राण असेतो त्या जागेवर पहारा देते.

तंत्राचे सांगायचे तर ते थोडके आहे. पाण्यावरची चकाकी हा मोठा अडथळा. कॅमेऱ्याच्या भिंगावर पोलरायझर लावून तो फिरवला, की आकाशाचे प्रतिबिंब विरघळते आणि तळ दिसू लागतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन साधला तर हा परिणाम सर्वांत चांगला मिळतो. म्हणजे अगदी काठाशी वाकूनही नव्हे आणि फार दुरूनही नव्हे. पोलरायझर बराच प्रकाश खातो, हे मात्र लक्षात ठेवावे. खणणाऱ्या शेपटीची चित्रे स्पष्ट हवी असतील तर शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून कमी ठेवू नये. ढगाळ दिवस उत्तम. कडक उन्हात लाल रंग फटफटीत होतो आणि सावल्या काळ्या पडतात. फ्लॅश वापरू नये. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला की हात मोकळे राहतात आणि डोळेही.

पण या काठावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तंत्रात बसत नाही. आमच्या दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ गुडघ्यापर्यंतचे बूट घालून पाण्यात उतरू लागले. चार पावलांवर मासे होते आणि त्यांना ते आणखी जवळून हवे होते. काठावर एक वयस्क स्वयंसेविका उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. ‘तुम्ही पाय ठेवणार आहात ती जागा मला जरा पाहू द्या,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि बोटाने तळ दाखवू लागल्या. आजूबाजूचे गोटे शेवाळाने काळपट होते. मधला अंथरुणाएवढा पट्टा मात्र घासल्यासारखा उजळ होता. ‘हा उजळ तुकडा म्हणजे घरटे. खाली अंडी आहेत.’ ते गृहस्थ मुकाट्याने मागे सरले आणि मग बराच वेळ त्या बाईंजवळच उभे राहून पाहत होते.

फलनानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ही अंडी धक्क्याला फार नाजूक असतात. वाटाण्याएवढ्या त्या केशरी गोळ्यांवर बुटाचा भार पडला, तर कोणाच्या ध्यानीही न येता पुष्कळशी मरतात. आणि नुसते घाबरवले तरी नुकसान होतेच. सावली अंगावर पडली, काठी हलली, की मासा उसळून पळतो. थोड्या वेळाने परत येतो, म्हणून आपल्याला वाटते काही बिघडले नाही. परंतु त्या पळण्याला लागलेली शक्ती त्याच्या त्याच शिलकीतून गेलेली असते, आणि ती भरून येण्याची सोय नसते. चार घास खाऊन तो पुन्हा ताजातवाना होणार नाही. माणसांच्या हौसेने तिला दिवसातून वीसदा पळवले, तर एखाद्या मादीचा शेवटचा खळगा खणायचा राहून जाऊ शकतो. म्हणून येथे चांगले छायाचित्र कोणते, याची कसोटी सोपी आहे: जे काढल्याचे माशाला कळलेही नाही, ते.

ही कसोटी पाळायची तर एका जागी बसून राहावे लागते. पहिली वीस मिनिटे अवघड जातात. हात फोनकडे वळतात, पलीकडे अधिक काही चालले असेल असे वाटत राहते. त्यानंतर कॉटनवुडची पिवळी पाने पाण्यावरून जाताना दिसू लागतात. पाण्याच्या एकसुरी आवाजातून शेपटीचा आवाज वेगळा ओळखू येतो. वाहून येणारी चुकार अंडी वेचणारा करडा पाणपक्षी दगडावर उतरतो. आपल्या सोबतची मंडळीही हळू आवाजात बोलू लागतात. हे शांत बसणे माशासाठी आवश्यक असते, पण त्याचा लाभ आपल्यालाही होतो. घरातील तीन पिढ्या दोन तास एकाच गोष्टीकडे पाहत बसल्या आहेत, असे अलीकडे किती वेळा घडते?

मुलांना येथे न्यावे की नाही, असा प्रश्न काही पालक विचारतात. कारण या काठावर मरणही उघडे पडलेले असते. थकलेले, परांच्या चिंध्या झालेले मासे उथळ पाण्यात कलंडतात. काठाशी मेलेल्यांचा खच असतो आणि त्याचा वास येतो. मला वाटते, न्यावे. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका सहा-सात वर्षांच्या मुलीने आईला विचारले, ‘याला डॉक्टरकडे का नेत नाहीत?’ आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘तो आजारी नाही गं. त्याचे काम पूर्ण झाले आहे.’ मुलीने त्यावर विचार केला आणि पुढचा प्रश्न विचारला, ‘मग आता बाळांना कोण सांभाळणार?’

या प्रश्नाचे उत्तर त्या मेलेल्या माशांतच आहे. गरुड, अस्वले, कुरव पक्षी त्यांना खातात, उरलेले कुजतात. समुद्रातून त्यांनी अंगात भरून आणलेले नत्र आणि स्फुरद पाण्यात व मातीत उतरते. सॅल्मनच्या नद्यांकाठच्या झाडांमध्ये समुद्रातून आलेले नत्र शास्त्रज्ञांना सापडले आहे. त्याच खतावर पाण्यातील बारीक जीव पोसले जातात. हिवाळ्यात गोट्यांखाली अंडी फुटतात. पिल्ले पोटाला जोडलेल्या बलकाच्या पिशवीवर जगतात आणि वसंतात वर येऊन शुस्वाप सरोवराकडे निघतात. तेथे साधारण वर्षभर राहून ती समुद्राकडे जातात. आईबाप त्यांना कधी भेटत नाहीत. पण त्यांनी मागे ठेवलेल्या ठेवीवर त्यांच्या वाटेवरचे पाणी समृद्ध झालेले असते.

या नदीने माणसांकडून सोसलेही पुष्कळ. विसाव्या शतकाच्या आरंभी लाकडाचे ओंडके वाहून नेण्यासाठी ॲडम्स सरोवराच्या मुखाशी बांध घातला गेला. पाणी अडवायचे आणि एकदम सोडायचे, अशी त्याची रीत होती. सरोवराच्या वरच्या भागात जाणाऱ्या माशांची परंपरा त्यात संपली. १९१३-१४ मध्ये फ्रेझर नदीच्या ‘हेल्स गेट’ या अरुंद घळीत लोहमार्गाच्या कामामुळे दगड कोसळले आणि प्रवाह इतका वेगवान झाला की लाखो मासे वर चढू शकले नाहीत. चाळीसच्या दशकाच्या मध्यास तेथे माशांसाठी खास वाटा बांधल्या, तेव्हा कुठे स्थिती सुधारू लागली. २००९ मध्ये फ्रेझरमध्ये परतलेल्या सॉकायची संख्या इतकी घसरली की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आणि पुढच्याच वर्षी पावणेतीन कोटींहून अधिक मासे आले. ऑगस्ट २०२३ मध्ये शुस्वापच्या उत्तर तीरावर मोठा वणवा पेटला, त्याची झळ या उद्यानालाही लागली. तापणारे पाणी ही आता नवी चिंता आहे. पाणी अठरा-वीस अंशांच्या वर गेले की या थंड पाण्याच्या माशाचा दम जातो, शिल्लक लवकर सरते.

हे वाचताना कोकणातल्या वाचकाला आपले ओढे आठवतील. मृगाच्या पहिल्या सरींनी वहाळ भरले, की नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध शेतांकडे चढू लागतात. ठाणे-रायगडकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात, दक्षिणेला चढणीचे. हे मासे सॅल्मनसारखे एकदाच वीण करून मरणारे नव्हेत. पण त्यांचीही चढण अंडी घालण्यासाठीच असते आणि गाबोळीने भरलेली मादी नेमकी तेव्हाच सहज हाती लागते. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालण्याची कोळी समाजाची जुनी रीत, किंवा १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना असलेली मासेमारीबंदी, यामागचे शहाणपण ओढ्याकाठीही चालण्यासारखे आहे. आपल्या मुलांना यंदाच्या पावसात ओढ्याच्या काठी नुसते बसवून ही चढण दाखवता येईल. त्यासाठी कॅनडाला जाण्याची गरज नाही.

ज्यांची मुले व्हँकुव्हर वा सिॲटलकडे आहेत आणि ज्यांचा तिकडचा मुक्काम शरद ऋतूपर्यंत लांबतो, त्यांनी मात्र ऑक्टोबरचा दुसरा आठवडा मोकळा ठेवावा. कॅनडात थँक्सगिव्हिंगची सुटी तेव्हाच येते. गर्दी टाळायची तर सुटीनंतरचा एखादा कामाचा दिवस गाठावा. वणव्यानंतर कोणत्या वाटा खुल्या आहेत, हे उद्यानाच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावे. सकाळी काठावर चांगलाच गारठा असतो. कपड्यांचे दोन-तीन थर, कानटोपी, हातमोजे आणि न घसरणारे बूट हवेत. ज्येष्ठांनी घडीची छोटी खुर्ची आणि थर्मासमध्ये गरम चहा न्यावा, आणि दर वीस मिनिटांनी उठून काठापासून मागे चार पावले चालावे; एका जागी गारठून गुडघे आखडतात. अस्वलांचा वावर असतो, म्हणून वाटेने समूहाने, बोलत जावे आणि खाण्याचे काहीही मागे टाकू नये. कुत्रा असेल तर तो दोरीने बांधलेला आणि पाण्यापासून दूर असावा. मुलांच्या हाती खडे लागू देऊ नयेत. खडा मारला की मासा पळतो, हे त्यांना लगेच कळते, पण पळण्याची किंमत काय ते सांगावे लागते.

आणि कॅमेरा नसला तरी अडत नाही. एक मादी निवडावी, तिच्या डोक्यावर किंवा परावर असलेली एखादी खूण लक्षात ठेवावी आणि जेवणानंतर पुन्हा त्याच जागी येऊन पाहावे. ती बहुधा तेथेच असते, कुशीवर वळून खणत.